चौकोनी कंसातले शब्द : वॉरहॅमर ४०,००० मधल्या शस्त्रांचे खास नियम कसे वाचायचे

टेबलावर भांडणं होतात ती सहसा मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. चाल किती इंच झाली, चार्ज (शत्रूवर धावून जाणं) पोचला की नाही, हे टेप लावलं की मिटतं. अडतं ते शस्त्राच्या नावाशेजारी चौकोनी कंसात छापलेल्या दोन-तीन शब्दांपाशी. रॅपिड फायर १. लीथल हिट्स. डेव्हस्टेटिंग वूंड्स. नाव वाचूनच अर्थ कळल्यासारखा वाटतो आणि घोळ तिथेच होतो.

हा लेख वॉरहॅमर ४०,००० या छोट्या पुतळ्यांच्या लढाईच्या खेळाच्या जून २०२३ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतल्या शस्त्रांबद्दल आहे. पण त्यातली वाचण्याची पद्धत फाशांवर चालणाऱ्या कुठल्याही मिनिएचर खेळाला लागू पडेल. मी स्वतः बरीच वर्षं नियम पाठ करत आलो आणि बरीच वर्षं चुकत आलो. पुढे एक साधा प्रश्न विचारायची सवय लागली तेव्हा चुका कमी झाल्या : हा नियम हल्ल्याच्या कुठल्या पायरीवर बोलतो? उत्तर मिळालं की निम्मा वाद संपतो.

आधी डोक्यातली जुनी आवृत्ती बाहेर काढा

नवख्या खेळाडूपेक्षा जुना खेळाडू जास्त चुकतो, कारण त्याला सगळं "माहीत" असतं. खेळ काढणारी कंपनी गेम्स वर्कशॉप आवृत्ती बदलते तेव्हा नावं तीच ठेवते आणि आतला मजकूर बदलून टाकते.

ट्विन-लिंक्ड घ्या. सातव्या आवृत्तीत ट्विन-लिंक्ड म्हणजे हिट रोल (हल्ला लागतो का ते ठरवणारा फासा) परत टाकायची मुभा. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत हा नियमच गेला आणि जोडबंदुकांना सरळ दुप्पट गोळ्या मिळाल्या. दहाव्या आवृत्तीत शब्द परतला, पण आता तो वूंड रोल (लागलेला हल्ला जखम करतो का ते ठरवणारा फासा) परत टाकू देतो. रॅपिड फायरचंही तसंच. आठव्या आवृत्तीत अर्ध्या पल्ल्याच्या आत हल्ले दुप्पट व्हायचे. आता नावापुढे जो आकडा छापलाय तेवढेच वाढतात. म्हणजे दोन हल्ल्यांचं शस्त्र रॅपिड फायर १ असेल तर जवळून तीन हल्ले, चार नव्हेत. लान्स पूर्वी जाड चिलखताच्या गाड्यांविरुद्धचा नियम होता. आता तो चार्ज करून आलेल्याला वूंड रोलवर +१ देतो. हेवी आठव्या आवृत्तीत शिक्षा होती, हललं की हिटवर −१. आता ते बक्षीस आहे, जागचं न हलल्यास +१. ब्लास्टसाठी तर एके काळी पारदर्शक प्लास्टिकची गोल चकती टेबलावर धरायचो आणि तिच्याखाली कोणाचा पाय येतो यावर अर्धा तास जायचा. त्या चकत्या आठव्या आवृत्तीत गेल्या आणि मला त्यांची अजिबात आठवण येत नाही.

म्हणून पहिली पायरी कंटाळवाणी असली तरी टाळू नका. शब्द ओळखीचा वाटला तरी त्याची व्याख्या चालू आवृत्तीत उघडून वाचा. मूळ नियम कंपनीने मोफत पीडीएफमध्ये दिलेत. त्याच्या जोडीला नियमांवरचं भाष्य आणि वेळोवेळी येणाऱ्या दुरुस्त्याही बघाव्या लागतात. छापील पुस्तक जवळ असेल तर त्याची छपाईची तारीख लक्षात ठेवा, कारण छापल्यानंतर बदललेली ओळ त्यात असणार नाही.

शेजारच्या खेळातूनही अर्थ उचलू नका. त्याच कंपनीच्या किल टीम या छोट्या खेळात शस्त्रावर लीथल ५+ दिसलं तर ५ किंवा ६ आल्यास तो फासा क्रिटिकल धरायचा. मोठ्या खेळातल्या लीथल हिट्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. एज ऑफ सिग्मार या तिच्याच आणखी एका खेळाच्या २०२४ च्या आवृत्तीने यावर चांगला तोडगा काढला. तिथे याच प्रकारच्या क्षमतांची नावं क्रिट ऑटो-वूंड, क्रिट टू हिट्स अशी सरळ ठेवली. नाव वाचलं की नियम वाचून झाला. मला ही पद्धत जास्त आवडते, पण ४०,००० मध्ये रुबाबदार नावांचा मोह सुटणार नाही असं दिसतं.

हल्ल्याची शिडी

एक हल्ला या क्रमाने खाली उतरतो :

१. लक्ष्य ठरवणं आणि हल्ल्यांची संख्या मोजणं
२. हिट रोल
३. वूंड रोल
४. बचाव करणाऱ्याने तो हल्ला एका मॉडेलला (पुतळ्याला) वाटून देणं
५. सेव्ह (बचाव करणाऱ्याचा जखम अडवायचा फासा)
६. डॅमेज

आता शस्त्राची आकड्यांची ओळ याच शिडीवर ठेवून बघा. पल्ला आणि ए (हल्ल्यांची संख्या) पहिल्या पायरीवर, बीएस किंवा डब्ल्यूएस (नेमबाजीतलं किंवा हातघाईतलं कसब) दुसऱ्या, एस (ताकद) तिसऱ्या, एपी (चिलखतभेद) पाचव्या आणि डी (डॅमेज) सहाव्या. म्हणजे आकड्यांची ओळ डावीकडून उजवीकडे वाचली की तुम्ही शिडी उतरता. कंसातला प्रत्येक शब्द यांतल्या एखाद्या पायरीवर जाऊन बसतो. कुठे बसतो हे शोधणं हे खरं काम.

पहिल्या पायरीवर गर्दी जास्त. असॉल्ट सांगतो की ॲडव्हान्स (जादा धाव) करूनही गोळी झाडता येईल. पिस्तूल सांगतं की शत्रू अंगाला भिडलेला असतानाही झाडता येईल, मात्र मॉन्स्टर किंवा व्हेइकल नसाल तर झाडताना पिस्तूल किंवा बाकीची शस्त्रं यांतलं एकच निवडायचं. रॅपिड फायर आणि ब्लास्ट हल्ल्यांचा आकडा वाढवतात. वन शॉट म्हणजे सगळ्या सामन्यात एकदाच. एक्स्ट्रा अटॅक्स असलेलं शस्त्र दुसऱ्या शस्त्राच्या जोडीने वापरायचं असतं, त्याच्याऐवजी नाही.

या पायरीवर दोन जागी लोक घसरतात. एक, अंतर युनिटचं (तुकडीचं) मोजतात. रॅपिड फायरसाठी प्रत्येक मॉडेलच्या शस्त्रापासून मोजायचं. पुढचे तिघे अर्ध्या पल्ल्यात आणि मागचे दोघे बाहेर असतील तर वाढीव हल्ले तिघांनाच. दोन, ब्लास्टचं गणित. लक्ष्य युनिटमधल्या दर पाच मॉडेलांमागे एक जादा हल्ला, आणि उरलेले सोडून द्यायचे. नऊ मॉडेलं असतील तर +१, दहा असतील तर +२, चार असतील तर काहीच नाही. ही मोजणी लक्ष्य निवडताना करायची. नेमबाजीत युनिटच्या सगळ्या शस्त्रांची लक्ष्यं आधी जाहीर करावी लागतात, मगच पहिला फासा पडतो. त्यामुळे तुमच्या बंदुकांनी चार जण आधी पाडले म्हणून त्याच युनिटच्या ब्लास्टचा आकडा खाली येत नाही. आणि हो, तुमचंच एखादं युनिट ज्यांच्याशी भिडलंय त्यांच्यावर ब्लास्ट टाकता येत नाही.

दुसऱ्या पायरीवर टॉरेंट, हेवी, इनडायरेक्ट फायर (न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा), लीथल हिट्स आणि सस्टेन्ड हिट्स. तिसरीवर लान्स, ट्विन-लिंक्ड आणि अँटी. डेव्हस्टेटिंग वूंड्सची ठिणगी तिसरीवर पडते आणि परिणाम पाचव्या-सहाव्या पायरीवर दिसतो. प्रिसिजन चौथीवर एकटा बसलाय. इग्नोअर्स कव्हर (आडोशाचा फायदा न मानणारा) पाचवीवर, मेल्टा सहावीवर. हॅझर्डसला शिडीवर जागाच नाही, कारण तो सगळे हल्ले संपल्यावर उघडतो.

"अनमॉडिफाइड" हा शब्द जपून वाचा

क्रिटिकल हिट म्हणजे हिट रोलवर अनमॉडिफाइड ६. म्हणजे फाशावर डोळ्यांना दिसलेला ६. परत टाकला असेल तर परत टाकल्यावर दिसलेला, पण कुठलीही बेरीज-वजाबाकी होण्याआधीचा.

युनिट हललेलं नाही, शस्त्र हेवी आहे, फाशावर ५ आला. +१ धरून तो ६ झाला. क्रिटिकल? नाही. उलट समोरच्याला −१ चं संरक्षण आहे आणि तुम्हाला ६ आला. हिशेबाने ५ झाला. क्रिटिकल? हो, कारण फाशाने ६ दाखवलाय. अनमॉडिफाइड १ मात्र कितीही बेरीज केली तरी चुकतोच.

बेरीज-वजाबाकीला मर्यादाही आहे. हिट आणि वूंड रोलवर सगळं मिळून +१ किंवा −१ च्या पलीकडे जाता येत नाही. हेवीचा +१ आणि दुसऱ्या कुठल्या क्षमतेचा +१ मिळून +२ होत नाही. पण समोरून −१ आला तर तो आधी दोन्हींच्या बेरजेतून वजा होतो आणि हाती +१ उरतो. म्हणून जास्तीचा +१ वाया जातोच असं नाही, पाऊस येईपर्यंत छत्री बगलेत असते तसा तो असतो.

फासाच पडला नाही तर?

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. ज्या नियमाला फाशाचा निकाल लागतो तो नियम फासा न पडल्यास जागा होत नाही.

टॉरेंट म्हणजे ज्वालाफेक्यांसारखी शस्त्रं. ती आपोआप लागतात, हिट रोल होतच नाही. मग क्रिटिकल हिट कुठून येणार? एखाद्या नेत्याच्या क्षमतेने अशा शस्त्राला लीथल हिट्स किंवा सस्टेन्ड हिट्स मिळाले तर ते शोभेचे. पण नाण्याची दुसरी बाजू बघा. हिटवरचे −१ टॉरेंटला लागत नाहीत. फायर ओव्हरवॉचमध्ये (शत्रूच्या पाळीत झाडताना) इतर शस्त्रांना फक्त अनमॉडिफाइड ६ वर हिट मिळतो. टॉरेंटला ती अटही लागत नाही, कारण अट हिट रोलवर आहे आणि इथे हिट रोलच नाही. समोरच्याकडे टॉरेंटवाले असतील तर त्यांच्या टापूत चार्ज करताना दोनदा विचार करतात तो यासाठी.

हाच तर्क एक पायरी खाली न्या. लीथल हिट्समध्ये क्रिटिकल हिट झाला की तो हल्ला आपोआप वूंड करतो. त्या हल्ल्याचा वूंड रोल पडत नाही. वूंड रोल नाही म्हणजे क्रिटिकल वूंड (वूंड रोलवरचा अनमॉडिफाइड ६) नाही, म्हणजे त्या हल्ल्यापुरतं डेव्हस्टेटिंग वूंड्स (क्रिटिकल वूंडवर सेव्ह नाकारणारा नियम) निजलेलं. दोन्ही शब्द एका शस्त्रावर दिसले की लोकांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात लीथल त्या खिडकीतून डेव्हस्टेटिंगचेच फासे पळवतं.

सस्टेन्ड हिट्सबद्दल एक ओळ. क्रिटिकल हिटमधून जे जादा हिट येतात ते साधे हिट असतात, क्रिटिकल नव्हेत. त्यांतून आणखी जादा हिट फुटत नाहीत. शस्त्रावर लीथल आणि सस्टेन्ड १ दोन्ही असेल तर एका ६ मधून एक वूंड आपोआप येते आणि एक साधा हिट निघतो. त्या साध्या हिटचा वूंड रोल नेहमीसारखा टाकायचा.

लीथल की सस्टेन्ड : थोडं गणित

बऱ्याच सैन्यांना या दोनमधून एक निवडायची संधी मिळते, म्हणून हा हिशेब एकदा हाताने करून ठेवण्यासारखा आहे. दहा हल्ले, ३+ वर हिट. सरासरी ६.६७ हिट, त्यांतले १.६७ क्रिटिकल.

वूंड ५+ वर असेल तर काहीही न लावता २.२२ वूंड. सस्टेन्ड १ लावलं तर हिट ८.३३ होतात आणि वूंड २.७८. लीथल लावलं तर १.६७ आपोआप, उरलेल्या ५ हिटमधून १.६७, एकूण ३.३३. इथे लीथल पुढे. वूंड ३+ वर असेल तर सस्टेन्ड ५.५६, लीथल ५. इथे सस्टेन्ड पुढे. आणि वूंड ४+ वर असेल तर दोन्हीकडे बरोबर ४.१७.

ही बरोबरी योगायोग नाही. प्रत्येक क्रिटिकल हिटमागे लीथल एक पक्की वूंड देतं आणि सस्टेन्ड १ वूंडच्या दोन संधी देतं. संधी अर्धी असेल तर दोन संधी म्हणजे एकच वूंड. म्हणून हिट कितीवर लागतो यानेही उत्तर बदलत नाही, सीमा ४+ वरच राहते. कठीण लक्ष्यावर लीथल, मऊ लक्ष्यावर सस्टेन्ड. वूंड रोल परत टाकता येत असेल किंवा शस्त्र डेव्हस्टेटिंग असेल तर पारडं सस्टेन्डकडे झुकतं.

वूंड कितीवर लागेल ते असं ठरतं : शस्त्राचा एस लक्ष्याच्या टीच्या (चिवटपणाच्या) दुप्पट किंवा जास्त असेल तर २+, नुसता जास्त असेल तर ३+, सारखा असेल तर ४+, कमी असेल तर ५+, निम्मा किंवा त्याहून कमी असेल तर ६+. एवढं पाठ असू द्या.

अँटी आणि डेव्हस्टेटिंग

अँटी नेहमी कीवर्ड (लक्ष्याचा प्रकार सांगणारा शब्द) आणि आकडा घेऊन येतो. उदाहरणार्थ, अँटी-इन्फन्ट्री ४+. याचा अर्थ लक्ष्याला इन्फन्ट्री हा कीवर्ड असेल तर वूंड रोलवर अनमॉडिफाइड ४ किंवा जास्त आला की क्रिटिकल वूंड. नुसती वूंड नव्हे, क्रिटिकल. एस आणि टीचा तक्ता काहीही सांगो, क्रिटिकल वूंड नेहमी यशस्वी. एकटा अँटी उपयोगी आहे, पण शेजारी डेव्हस्टेटिंग असेल तर त्या शस्त्राकडे गंभीरपणे बघा. एरवी सहातल्या एका आकड्यावर उघडणारं दार आता तीन आकड्यांवर उघडतंय.

इथे ट्विन-लिंक्ड शिरला तर एक बारकावा आहे. नियम "वूंड रोल परत टाकता येतो" असं म्हणतो, "चुकलेला वूंड रोल" असं म्हणत नाही. म्हणजे साधी वूंड झालेला फासाही क्रिटिकलच्या आशेने परत टाकता येतो. पण परत टाकलेला फासा तिसऱ्यांदा टाकता येत नाही आणि हातची साधी वूंड जाऊ शकते. समोरच्याचा सेव्ह चांगला असेल तरच हा जुगार परवडतो.

आता डेव्हस्टेटिंग. यावरून मी सर्वांत जास्त आवाज चढलेले ऐकलेत. (मोर्टल वूंड म्हणजे सेव्ह न मिळणारं थेट नुकसान, आणि मॉडेलचे वूंड्स म्हणजे त्याचा उरलेला जीव.)

"तीन मोर्टल वूंड्स ना? याचे दोनच वूंड्स आहेत, उरलेली पुढच्याला."

"नाही रे, आता सांडत नाहीत."

"मोर्टल आहेत म्हणजे सांडणारच!"

दोघांनी नियम वाचलेला होता, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत. जून २०२३ मध्ये आवृत्ती आली तेव्हा क्रिटिकल वूंडच्या डॅमेजएवढ्या मोर्टल वूंड्स व्हायच्या आणि त्या एका मॉडेलवरून दुसऱ्यावर सांडायच्या. मोठ्या डॅमेजची शस्त्रं त्यामुळे युनिटं झाडून काढायला लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या दुरुस्तीत हे सांडणं थांबवलं. एका हल्ल्याचं नुकसान एकाच मॉडेलपुरतं, उरलेलं वाया. सेव्ह मात्र कुठलाच मिळत नाही, एपीने कमी न होणारा इनव्हल्नरेबलही नाही.

फील नो पेन मिळतो का? मिळतो. तो सेव्ह नाही. सेव्ह वूंडला अडवतो, फील नो पेन गमावला जाणारा प्रत्येक वूंड पुसायचा प्रयत्न करतो. शिडीवर तो सहाव्या पायरीच्याही खाली आहे. "कुठलाच सेव्ह नाही" या शब्दांचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

एक पूर्ण हल्ला, फासा-फासा

एक काल्पनिक शस्त्र घेऊ. पल्ला २४ इंच, ए २, बीएस ३+, एस ५, एपी −१, डी ३. कंसात रॅपिड फायर १, सस्टेन्ड हिट्स १, डेव्हस्टेटिंग वूंड्स. पाच जण झाडतायत. समोर दहा जणांचं युनिट, टी ४, सेव्ह ३+, प्रत्येकी दोन वूंड्स, उघड्यावर उभे.

तिघे बारा इंचांच्या आत आहेत, दोघे बाहेर. तीन त्रिक नऊ आणि दोन दुणे चार, एकूण तेरा हल्ले. तेरा फासे पडले : १, १, २, २, २, ३, ३, ४, ४, ५, ५, ६, ६. पहिले पाच उचलून बाजूला. तीन ते पाचवाले सहा हिट. दोन ६ चे दोन हिट आणि सस्टेन्डचे आणखी दोन. ते दोन जादा फासे मी नेहमी बाहेरून घेऊन टेबलावर ठेवतो, तोंडी मोजत नाही. तोंडी मोजलं की एक तरी हरवतो. एकूण दहा.

एस ५ टी ४ पेक्षा जास्त, म्हणून ३+. दहा फासे : १, १, २, २, ३, ३, ४, ५, ६, ६. चार गेले. चार साध्या वूंड्स, दोन क्रिटिकल. आता ते दोन ६ वेगळ्या रंगाचे करा किंवा टेबलाच्या कडेला सरकवा. डेव्हस्टेटिंगचे हल्ले बाकीचे सगळे निपटल्यावर वाटायचे असतात, म्हणून ढिगात मिसळले तर क्रमही बिघडतो.

चार साध्या वूंड्सवर सेव्ह. ३+ ला एपी −१ लागला, म्हणजे ४+. आले २, ३, ४, ६. दोन चुकले. प्रत्येकी तीन डॅमेज, मॉडेलला दोनच वूंड्स, दोन जण पडले आणि वरचं एक-एक वाया. मग कडेचे दोन. सेव्ह नाही, आणखी दोन जण पडले. एकूण चार. सुरुवातीच्या नियमाने त्या दोन हल्ल्यांच्या सहा मोर्टल वूंड्स सांडत गेल्या असत्या आणि एकूण पाच पडले असते.

हेच युनिट कव्हरमध्ये असतं तर? शस्त्राला एपी −१ आहे म्हणून ३+ वाल्यांनाही कव्हरचा +१ मिळाला असता आणि सेव्ह पुन्हा ३+ झाला असता. फाशावरचा ३ वाचला असता, एक जण कमी पडला असता. एपी ० असता तर मात्र ३+ किंवा त्याहून चांगला सेव्ह असलेल्यांना कव्हरचा फायदा नाही. ही अट विसरून कव्हरमध्ये २+ मागणारे मला दर दोन-तीन सामन्यांत भेटतात. डेव्हस्टेटिंगच्या दोघांना कव्हर असलं काय, नसलं काय.

उरलेले तीन, ज्यांत हमखास काहीतरी राहतं

मेल्टा अर्ध्या पल्ल्याच्या आत डॅमेज वाढवतो. गोंधळ होतो तो समोरच्याकडे डॅमेज निम्मं करायची क्षमता असली की. आकड्यांवरच्या बदलांचा क्रम ठरलेला आहे : आधी भागाकार, मग गुणाकार, मग बेरीज, शेवटी वजाबाकी. डी६ (एका फाशावर येईल तेवढं) डॅमेज, मेल्टा २, फाशावर ६ आला. आधी निम्मे तीन, मग अधिक दोन, म्हणजे पाच. आधी बेरीज करून मग निम्मे केले तर चार येतात, आणि ते चूक आहे. बचाव करणारा अर्थातच चारच म्हणणार.

प्रिसिजनने युनिटमध्ये दडलेल्या कॅरेक्टरवर (नेत्यावर) हल्ला वाटता येतो, मात्र तो दिसायला हवा. विसरायचं नाही ते हे की वूंड रोल अंगरक्षकांच्या टीवर पडतो आणि सेव्ह कॅरेक्टर स्वतःचा टाकतो. नियम चौथ्या पायरीवर बसलाय हे लक्षात असेल तर हे वेगळं पाठ करावं लागत नाही, कारण तिसरी पायरी केव्हाच होऊन गेली.

हॅझर्डसची चाचणी प्रत्येक शस्त्रामागे एक, प्रत्येक गोळीमागे नव्हे, आणि युनिटचे सगळे हल्ले निपटल्यावर. १ आला की आपलंच नुकसान. याबाबत विसराळूपणा इतका सोयीचा असतो की मी हॅझर्डस शस्त्र झाडण्याआधीच एक लाल फासा त्या मॉडेलशेजारी ठेवतो. एकदा प्रतिस्पर्ध्याने दोन फेऱ्यांनंतर आठवण करून दिली होती, आणि तोवर त्या मॉडेलने त्याचा सरदार मारलेला होता. त्या संध्याकाळी चहा मीच पाजला.

तरीही पटलं नाही तर

कधीकधी मजकूर खरंच दोन अर्थांचा असतो. तेव्हा मी तीन गोष्टी बघतो, याच क्रमाने. वाक्य "मॉडेल" म्हणतंय की "युनिट"? "करता येईल" म्हणतंय की "होतं"? आणि "प्रत्येक वेळी हल्ला करताना" म्हणतंय की "युनिट निवडल्यावर" म्हणतंय? निम्म्याहून जास्त शंका इथेच विरतात. तरी उरली तर नियमांवरच्या भाष्यात तोच शब्द शोधतो.

हे सगळं फासे टाकण्याआधी करायचं. निकाल दिसल्यावर कोणालाच मजकूर निर्मळपणे वाचता येत नाही, मलाही नाही. सामन्याआधी पाच मिनिटं काढून दोघांनी आपापली वेगळी शस्त्रं एकमेकांना वाचून दाखवावीत : "याला अँटी-व्हेइकल ४+ आहे, त्याला प्रिसिजन आहे." मधेच अडलं आणि पाच मिनिटांत पान सापडलं नाही तर एक फासा टाका. १ ते ३ त्याचा अर्थ, ४ ते ६ तुमचा, आणि तोच अर्थ त्या सामन्यापुरता दोघांनाही लागू. प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि घरी गेल्यावर शोधा. माझ्या वहीत अशा अकरा ओळी आहेत. त्यांतल्या नऊ ठिकाणी उत्तर व्याख्येच्या दुसऱ्या वाक्यात छापलेलं होतं आणि आम्ही दोघांनीही पहिलंच वाक्य वाचलं होतं.